‘अर्जदार’ आणि ‘मी’ : सेवासमाप्तीचा अनुभव आणि मराठी वाङ्मय

अक्कलकुवा तालुक्यातील एका आश्रमशाळेत सोळा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकविलेले एक शिक्षक काही महिन्यांपूर्वी एक कागद घेऊन आले. वय बावन्न. दर जूनमध्ये मिळणारा नेमणुकीचा आदेश त्यांना त्या वर्षी मिळाला नव्हता. कारण सांगण्यात आले नव्हते आणि चौकशीही झाली नव्हती. कोणताही आरोप नव्हता. वरिष्ठ कार्यालयाला द्यावयाचे निवेदन त्यांनी स्वतःच लिहिले होते आणि त्याचे शुद्धलेखन तपासून हवे होते. काम झाल्यावर कागदाची घडी घालीत त्यांनी विचारले, “सर, आमच्यासारख्या माणसावर कुणी काही लिहिलंय का? कथा, कादंबरी, काहीही.” त्या क्षणी चारदोन नावे घेतली, परंतु ती घेत असतानाच त्यांतील एकही कृती या प्रश्नाला पुरी पडत नाही हे जाणवत होते. ती का पडत नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम त्या निवेदनाकडेच एक संहिता म्हणून पाहावयास हवे. चार पानांच्या त्या मजकुरात सोळा वर्षांचे आदेश क्रमांकांसह आणि दिनांकांसह दिले होते. दिवाळीनंतर पालक ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले की वर्ग निम्मा होतो. तेव्हा पाड्यापाड्यांवर जाऊन मुले परत आणल्याची नोंदही होती, पण ती एका ओळीत आणि ‘सदर कामी अर्जदाराने परिश्रम घेतले आहेत’ अशा शब्दांत. संपूर्ण निवेदनात ‘मी’ हे सर्वनाम एकदाही येत नाही. सोळा वर्षे एक माणूस जे जगला त्याचे कथन तो तृतीयपुरुषी करतो, आणि त्या कथनातील नायकाचे नाव ‘अर्जदार’ असे असते. कार्यालयीन लेखनाचा हा संकेत आहे हे खरे. परंतु संकेत निरुपद्रवी असतातच असे नाही. ज्या व्यवस्थेने माणसाला दूर केले, तिच्याच भाषेत त्याला आपले दुःख मांडावे लागते, आणि त्या भाषेची पहिली अट म्हणजे त्याने स्वतःला बाहेरून पाहावे ही होय. आपल्या विषयाचा मूळ पेच येथेच आहे.

या अनुभवासाठी मराठीत जे शब्द आहेत तेही विचारात घेण्यासारखे आहेत. ‘बडतर्फ’ हा फारसीतून आलेला शब्द. ‘बर-तरफ’, म्हणजे एका बाजूला केलेला. या शब्दात निदान एक कर्ता गृहीत आहे : कुणीतरी कुणाला तरी बाजूला सारले आहे. बडतर्फीला आरोप लागतो, आरोपाला चौकशी लागते, चौकशीत दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 ने शासकीय सेवकाला हे संरक्षण दिले आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977च्या महाराष्ट्र अधिनियमाने शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करण्याची वाट ठेवली आहे. परंतु ‘कमी केले’, ‘कार्यमुक्त केले’, ‘सेवा आपोआप संपुष्टात आली’, ‘आदेश निघाला नाही’ ही जी दुसरी शब्दावली आहे तिच्यातून कर्ता क्रमाने नाहीसा होत जातो. ‘आदेश निघाला नाही’ या वाक्यात कोणी काही केलेलेच नाही. एक गोष्ट फक्त घडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006च्या उमादेवी निकालानंतर, नियमित प्रक्रियेबाहेर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने येथे बहुधा अन्यायाची घटनाच उपलब्ध नसते. आणि जेथे घटना नाही तेथे कथानक कसे उभे राहणार, हा केवळ कायद्यापुढचा प्रश्न नव्हे. तो कथनात्म वाङ्मयापुढचाही प्रश्न आहे.

यात वयाचा घटक मिसळला की अनुभवाचे स्वरूपच बदलते. तरुणाची नोकरी जाते तेव्हा त्याचे भविष्य धोक्यात येते. उतरत्या वयात नोकरी जाते तेव्हा भूतकाळ धोक्यात येतो. कालपर्यंत जी ‘सेवा’ होती ती आज ‘तात्पुरती व्यवस्था’ होती असे ठरते. सोळा वर्षांचा अर्थ मागाहून आणि दुसऱ्याच कोणाकडून बदलला जातो. आपल्याकडे पेशा हा माणसाच्या नावाचाच भाग होतो. गुरुजी, मास्तर, सर ही पदे नसून संबोधने असतात आणि ती गावाने दिलेली असतात. शाळा सुटली तरी पाड्यावर ‘गुरुजी’ ही हाक सुटत नाही. मात्र प्रत्येक हाकेबरोबर आपण आता त्या नावाचे हक्कदार आहोत काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. आर्थिक हानीइतकाच हा अर्थाचा ऱ्हास खरा असतो. तो शब्दांत पकडणे हे वाङ्मयाचे काम. ते मराठीत कितपत झाले आहे?

शिक्षकी पेशातील अस्थिरता म्हटले की प्रथम आठवतो तो भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील. ‘बिढार’ (1975), ‘हूल’, ‘जरीला’ (1977) आणि ‘झूल’ (1979) या कादंबऱ्यांतून गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत हिंडणारा हा प्राध्यापक शिक्षणसंस्थांच्या अंतर्गत राजकारणाचा, जातीय हिशेबांचा आणि चालकांच्या लहरींचा साक्षीदार आहे. खानदेशी बोलीतील ‘बिढार’ म्हणजे बिऱ्हाड. आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे हे या चतुष्टयाचे केवळ कथानक नव्हे, तर तिची जीवनदृष्टी आहे. नोकरीचे तकलादूपण मराठी कादंबरीत इतक्या तपशिलाने आणि इतक्या निर्ममपणे क्वचितच आले असेल. तरीही आपल्या शिक्षकाच्या हाती ही कादंबरी देताना हात अडखळतो. चांगदेवाजवळ निघून जाण्याची क्षमता आहे. एक गाव सुटले की दुसरे आहे. गाव सोडणे ही त्याच्या लेखी हार नसून स्वत्व राखण्याची रीत आहे. तो एकटा आहे, तरुण आहे आणि त्याच्या पदवीला बाजारात किंमत आहे. कादंबरीची बहुकेंद्री, प्रवाही संरचनाही या हालचालीवरच आधारलेली आहे. बावन्नाव्या वर्षी ज्याला बिऱ्हाड उचलता येत नाही आणि ज्याच्यासाठी दुसरे गावच उरलेले नाही, त्याचा अनुभव या संरचनेत मावत नाही. हा नेमाडे यांचा दोष नव्हे. त्यांचा विषय वेगळा आहे. परंतु चतुष्टयाच्या प्रभावामुळे ‘अस्थिर शिक्षक’ म्हणजे ‘हिंडता शिक्षक’ असे समीकरण आपल्या समीक्षेनेही नकळत स्वीकारले, हे मात्र मान्य करावयास हवे.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकाची चर्चा बहुधा स्त्रीच्या शोषणाच्या आणि मध्यमवर्गीय दांभिकतेच्या संदर्भात होते. ती योग्यच आहे. पण हे नाटक एका शिक्षिकेच्या सेवासमाप्तीचेही नाटक आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. नाटकाच्या आरंभीच लीला बेणारे आपल्या शाळेतील कामाविषयी अभिमानाने बोलते आणि चालकांनी सुरू केलेल्या चौकशीचा उल्लेख ओघात, थट्टेच्या स्वरात करून जाते. पुढचा सारा अभिरूप खटला म्हणजे त्या न दाखविलेल्या चौकशीची रंगमंचीय प्रतिमा आहे. खरी चौकशी बंद दाराआड चालते. तिचा निकाल खेळाच्या मध्येच, फोनवर ऐकलेल्या बोलण्याच्या रूपाने कानांवर येतो. जे प्राध्यापक दामले या प्रकरणात तितकेच गुंतलेले आहेत ते रंगमंचावर येत नाहीत आणि त्यांच्या नोकरीविषयी कोणीही प्रश्न विचारीत नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते तेंडुलकरांनी शेवटी योजलेले तंत्र. आरोपीला आपले म्हणणे मांडण्यासाठी न्यायासन दहा सेकंद देते. त्या दहा सेकंदांत काळ थांबतो, इतर पात्रे निश्चल होतात आणि बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते. ते प्रेक्षक ऐकतात, न्यायासन ऐकत नाही. काळ पुन्हा सुरू होतो तेव्हा दहा सेकंद संपलेले असतात आणि ती काहीच बोललेली नसते. ‘म्हणणे ऐकून घेणे’ ही नैसर्गिक न्यायाची अट येथे औपचारिकरीत्या पुरी होते आणि प्रत्यक्षात पूर्णपणे निष्फळ ठरते. तृतीयपुरुषी ‘आरोपी’चे प्रथमपुरुषी ‘मी’मध्ये रूपांतर मराठी रंगभूमीवर इतक्या ताकदीने झालेले दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. ‘अर्जदार’ ज्या ठिकाणी थांबतो तेथून बेणारे बोलू लागते. मात्र तिच्या स्वगताचा आशय प्रामुख्याने देहाचा, प्रेमाचा आणि विश्वासघाताचा आहे. कामाचा अर्थ हरवणे हा त्यातील एक पदर आहे, केंद्र नव्हे. शिवाय तिच्यावर आरोप तरी आहे. ज्याच्यावर आरोपही नाही, त्याला तेवढे दहा सेकंदही मिळत नाहीत.

सामूहिक पातळीवर हा अनुभव महाराष्ट्राने घेतला तो मुंबईच्या गिरणी संपाच्या निमित्ताने. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही; हजारो कामगारांना मात्र कामावर परत घेतले गेले नाही. त्यांत वीसवीस, पंचवीसपंचवीस वर्षे साच्यावर काढलेली माणसे होती. येथेही पुष्कळांच्या वाट्याला बडतर्फीचा स्पष्ट क्षण आला नाही. फाटक उघडले नाही इतकेच.

या पडझडीतून उभे राहिलेले महत्त्वाचे नाटक म्हणजे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (1997). लालबाग-परळच्या चाळीतील एका कुटुंबाच्या विघटनातून पवारांनी एका संपूर्ण वस्तीची घसरण उभी केली. परंतु नाटकाचा भार कोणावर आहे ते पाहावे. तो आईवर आहे आणि मुलांवर आहे : लेखक होऊ पाहणारा, क्रिकेटमध्ये बुडालेला, गुन्हेगारीकडे ओढला गेलेला. कामगाराचे काम गेल्याचा परिणाम पुढच्या पिढीवर काय झाला, याचे हे नाटक आहे. ज्याचे काम गेले त्याच्या अंतरंगाचे नव्हे. नाट्यदृष्ट्या ही निवड समर्थनीय आहे, कारण संघर्ष मुलांच्या ठायी आहे, कृती त्यांच्या हाती आहे. वयस्क कामगाराजवळ कृती उरलेली नसते. त्याच्याजवळ असतो तो केवळ वेळ. आणि रिकामा वेळ रंगमंचावर आणणे कठीण. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात ही माणसे स्वतः बोलतात. म्हणजे त्यांच्याजवळ भाषा नव्हती असे नाही. तिला जागा देणारा ललित आकृतिबंध मात्र फारसा घडला नाही.

येथवरच्या विवेचनातून एक निष्कर्ष पुढे येतो. उतरत्या वयातील सेवासमाप्तीला मराठी वाङ्मयाने स्पर्श केला आहे, पण दर वेळी तो अनुभव दुसऱ्या कशाच्या तरी हवाली केला आहे : तारुण्याच्या भटकंतीच्या, स्त्रीवरील अन्यायाच्या किंवा पुढच्या पिढीच्या. स्वतः तो माणूस मध्यभागी का येत नाही? याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन परंपरेतच असावे. उतारवयात हातचे सुटणे म्हणजे वैराग्याची संधी, अशी एक तयार चौकट आपल्याजवळ आहे. ‘झाले ते बऱ्यासाठी’, ‘आता नामस्मरण करा’ असे शेजारी सांगतात, आणि पुष्कळदा लेखकही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच सांगतात. अन्यायाचे रूपांतर आश्रमव्यवस्थेच्या पुढच्या पायरीत झाले की त्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही.

या चौकटीची सर्वांत परखड चिकित्सा ज्याने केली, त्या विद्वानाच्या आयुष्यातच हा प्रसंग यावा हा विलक्षण योग आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भर्तृहरीच्या शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती 1948 मध्ये सिद्ध केली. त्यापूर्वीच भर्तृहरीच्या वैराग्याच्या प्रतीविषयी त्यांनी एक निबंध लिहिला होता. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : भर्तृहरीचे वैराग्य हे खऱ्या त्यागातून आलेले नाही, आश्रयदात्यावर अवलंबून असलेल्या, अपमानित आणि दुसरा मार्ग बंद झालेल्या बुद्धिजीवीचे ते वैराग्य आहे. ज्याला सोडावयास फारसे काही उरलेले नाही, त्याने त्यागाचे काव्य लिहिले. हे मत भर्तृहरीवर अन्याय करणारे आहे असे अनेकांना वाटले, आणि काव्याला वर्गस्थितीचे फलित मानण्यात काही काटछाट होते हे मान्य करावयास हवे. परंतु सेवेतील मानहानी ही काव्याच्या केंद्रस्थानी असू शकते, हे ओळखण्याचे श्रेय या निबंधाला द्यावेच लागेल.

कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिच्या आरंभीच्या काळापासून गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याहून मुंबईला रेल्वेने त्यांची नित्य ये-जा असे. 1962 मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. तेव्हा ते पंचावन्नाच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी अणुऊर्जेऐवजी सौर ऊर्जेचा उघड पुरस्कार केला होता, त्यामुळे हे घडले असे एक मत. रीमान गृहीतकाच्या सिद्धतेविषयीचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यातून त्यांची प्रतिष्ठा उणावली, हे दुसरे. दोन्हींत तथ्य असू शकेल. आपल्याला महत्त्वाचे आहे ते हे, की येथेही ‘बडतर्फी’ हा शब्द लागू होत नाही. करार वाढविला नाही, इतकेच घडले.

त्यानंतर कोसंबींनी वैराग्यशतक लिहिले नाही. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, जुने मार्ग, ग्रामदेवतांची ठाणी, सूक्ष्म पाषाणहत्यारे यांचा शोध ते आधीपासून घेत होते. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ 1962 मध्येच आला. तो शोध त्यांनी थांबविला नाही. 1964 मध्ये त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद वैज्ञानिकपद मिळाले, 1965 मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा सर्वपरिचित ग्रंथ निघाला, आणि 29 जून 1966 रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेने मागे घेतलेल्या वर्षांचा अर्थ त्यांनी स्वतःच्या कामाने राखला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो काहीसा आवरावयास हवा. कोसंबींजवळ आंतरराष्ट्रीय कीर्ती होती, ग्रंथसंग्रह होता, पुण्यात घर होते. ‘अन्यायाला कामाने उत्तर द्या’ हा उपदेश ज्याच्याजवळून कामच काढून घेतले आहे त्याला करणे हे वैराग्याच्या उपदेशाइतकेच सोपे आणि तितकेच क्रूर आहे. कोसंबींच्या उदाहरणातून घेण्यासारखे आहे ते वेगळेच : नोकरी आणि काम या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांतील एक देण्याचा व काढून घेण्याचा अधिकार संस्थेला आहे म्हणून दुसरीचा अर्थ ठरविण्याचाही अधिकार तिला प्राप्त होत नाही.

हा भेद मनात धरून अक्कलकुव्याच्या त्या निवेदनाकडे परत वळावे. नर्मदाकाठचे मणिबेली याच तालुक्यातले. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या या गावाचा संघर्ष सर्वज्ञात आहे. ‘विस्थापित’ हा शब्द या मुलखात प्रशासनाने आणि आंदोलनाने घरोघर पोचविला. ज्याचे गाव गेले त्याला निदान एक नाव मिळाले, आणि त्या नावाभोवती मागणी उभी राहू शकली. ज्याचे काम गेले त्याच्यासाठी तसे नाव नाही. 2025च्या जुलैमध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचारी बाह्यस्रोतांद्वारे पदे भरण्याच्या निर्णयाविरुद्ध नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांनी आपल्या आंदोलनाला ‘बिऱ्हाड आंदोलन’ म्हटले. नेमाडे यांच्या शब्दाचा हा नकळत झालेला प्रतिध्वनी अर्थपूर्ण आहे. चांगदेवाचे बिढार निघून जाण्यासाठी होते. यांचे बिऱ्हाड हलणार नाही हे सांगण्यासाठी आहे. एकाच शब्दाचा अर्थ पन्नास वर्षांत उलटा झाला आहे, आणि आपल्या कादंबरीने अद्याप त्याची दखल घेतलेली नाही.

नियमित कर्मचाऱ्याचे एक सेवापुस्तक असते. नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली अशा साऱ्या नोंदी त्यात होतात. निवृत्तीच्या वेळी त्या पुस्तकावरून त्याच्या आयुष्याचा हिशेब लागतो. तासिका तत्त्वावरील शिक्षकाचे असे पुस्तक नसते. त्याची सोळा वर्षे सोळा सुट्या कागदांवर असतात. ‘आमच्यासारख्या माणसावर कुणी काही लिहिलंय का’ या प्रश्नामागे हे न मिळालेले पुस्तक उभे आहे, असे मला वाटते. साहित्याने त्यांची नोकरी परत मिळवून द्यावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आपण तेथे होतो याची कुठेतरी नोंद असावी, आणि ती ‘अर्जदार’ या नावाने नसावी, एवढीच ती अपेक्षा होती.

ती पुरी करणारी कृती आज तरी मला दाखविता आली नाही. जे निवेदन त्यांनी आणले होते त्यातील ऱ्हस्वदीर्घ मी दुरुस्त करून दिले. कार्यालयाला ते त्याच रूपात द्यावे लागणार होते. मात्र पाड्यांवरून मुले परत आणल्याच्या त्या एका ओळीखाली रेघ मारून, हे सारे वेगळ्या वहीत, ‘मी’ असे लिहून सविस्तर मांडावे, असे त्यांना सुचविले. किती मुले, कोणते पाडे, कोणत्या वर्षी, रस्त्यात काय बोलणे झाले, आणि मुलांशी बोलताना पुस्तकी मराठी कोठे सोडावी लागली, हे सारे. ते ललित ठरेल की नाही हे त्या वेळी मी सांगू शकलो नाही, आजही सांगता येत नाही. परंतु आपल्या समीक्षेने अशा वह्या वाचावयाची तयारी ठेवली नाही, तर त्या शिक्षकाच्या प्रश्नाला आपल्याजवळ पुढेही उत्तर नसेल, आणि त्याचा दोष लेखकांवर ढकलता येणार नाही.